निर्बंधांच्या काळातला खजिना : इराणमध्ये कर कोण भरतो?

मे १९११ मध्ये मॉर्गन शुस्टर नावाचा एक अमेरिकन वकील कुटुंबासह तेहरानला पोचला. इराणच्या मजलिसने, म्हणजे संसदेने, त्याला देशाचा मुख्य खजिनदार नेमले होते. क्युबा आणि फिलिपाइन्समध्ये जकातीचे काम केलेला हा माणूस. त्याला निवडण्याचे कारण त्याची हुशारी एवढेच नव्हते. तो रशियन नव्हता आणि इंग्रजही नव्हता, हे जास्त महत्त्वाचे होते. १९०७ साली रशिया आणि ब्रिटनने इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडून घेतले होते, उत्तर रशियाकडे आणि आग्नेय भाग ब्रिटनकडे. इराणींना कुणी विचारलेही नव्हते. खजिना रिकामा होता आणि प्रत्येक नवे कर्ज नवी बेडी घेऊन येत होते.

शुस्टरला तिथे जे दिसले त्याने तो चक्रावला. देशाचा एक असा जमाखर्चच नव्हता. प्रत्येक प्रांताचा महसूल किती, कुणाकडून यायचा, कुणाला किती माफी, हे त्या त्या मुस्तौफीच्या खासगी चोपडीत. मुस्तौफी म्हणजे महसुलाचा हिशेबनवीस. मराठी वाचकाला हे जग परके वाटू नये. आपले फडणीस हे मुळात फर्दनवीस, आणि महसूल, वसूल, तहसील, जमा, खजिना, दफ्तर हे सगळे शब्द याच फारसी कचेरीतून आपल्याकडे आले. फरक इतकाच की, इराणमध्ये ही चोपडी बापाकडून मुलाकडे जायची आणि चोपडी ज्याच्या बगलेत, महसूल त्याच्या मुठीत.

शुस्टरने स्वतंत्र खजिना-पोलीस उभे केले आणि थेट बड्या सरदारांकडे थकबाकी मागितली. इथे त्याला खरी भिंत लागली. उत्तरेतल्या अनेक श्रीमंतांनी रशियन वकिलातीचे संरक्षण घेतले होते. करवसुलीला माणूस आला की ते रशियन निशाण दाखवत. ऑक्टोबर १९११ मध्ये पदच्युत शाहचा भाऊ शुआ-उस-सल्तनत याची मालमत्ता जप्त करायचा हुकूम सरकारने काढला, कारण तो भावाच्या बंडात सामील होता. खजिना-पोलीस त्याच्या वाड्यावर गेले, तर रशियन वकिलातीची माणसे कोसॅक घेऊन तिथे हजर! म्हणे ही मालमत्ता रशियन बँकेकडे गहाण आहे. शुस्टरने दुसऱ्या दिवशी जास्त माणसे पाठवून वाडा ताब्यात घेतला. त्याचा मोबदला संपूर्ण देशाने दिला. २९ नोव्हेंबरला रशियाने ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली : शुस्टरला काढा, आणि यापुढे रशिया-ब्रिटनच्या संमतीशिवाय कोणताही परदेशी अधिकारी नेमू नका. मजलिसने ती धुडकावली. २४ डिसेंबरला मजलिसच बंद करण्यात आली आणि जानेवारी १९१२ मध्ये शुस्टर परत गेला. त्याने पुढे लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात इराणचा गळा आवळल्याची प्रतिमा आहे आणि ती अतिशयोक्ती नाही.

ही जुनी गोष्ट सविस्तर सांगितली, कारण आज इराणबद्दल दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणजे सगळी दुर्दशा अमेरिकेच्या निर्बंधांमुळे. दुसरे म्हणजे सगळा दोष मुल्लांच्या राजवटीचा. पहिले उत्तर आपल्या समाजात जास्त चालते, दुसरे टीव्हीवर. शुस्टरची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. तिथे बाहेरची बळजबरी आणि घरातला लागेबांध्यांचा कारभार एकमेकांच्या हातात हात घालून उभे होते. रशियाच्या दबावाने सामान्य इराणी भरडला आणि वजनदार इराणीला करातून सुटायला आडोसा मिळाला. शंभर वर्षांनी निर्बंधांच्या काळात तेच झाले. आडोशाला मात्र आता परक्या वकिलातीची गरज उरली नव्हती, तो देशातच तयार झाला होता.

मध्ये एक पर्व येते ते डॉ. मुहम्मद मुसद्दिक यांचे. मराठी वर्तमानपत्रे त्यांना मोसादेघ म्हणतात. हा माणूस स्वतः मुस्तौफी घराण्यातला. पोरवयातच खुरासान प्रांताच्या महसुलाचा मुस्तौफी म्हणून त्याची नेमणूक झाली होती, त्यामुळे चोपडीतल्या खाचाखोचा त्याला शिकवाव्या लागल्या नाहीत. मार्च १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ब्रिटनने इराणी तेलाची नाकेबंदी केली, इराणच्या स्टर्लिंग ठेवींवर बंधने घातली. जून १९५२ मध्ये इराणी तेल घेऊन निघालेले रोझ मेरी जहाज एडनला अडवले गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर इराणवरचे हे पहिले मोठे आर्थिक निर्बंध.

मुसद्दिक यांनी तेलाशिवाय देश चालवून पाहिला. आयात कापली, तेलाखेरीज इतर निर्यात वाढवली, लोकांकडून कर्ज घेण्यासाठी राष्ट्रीय रोखे काढले. ते रोखे बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि सामान्य माणसांनी हौसेने घेतले. बडे जमीनदार आणि धनिक बहुतांशी दूर राहिले. देशाला पैशाची निकड असताना ज्यांच्याकडे पैसा आहे तेच मागे सरतात, हे तेव्हाच दिसले होते. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तचरांच्या मदतीने झालेल्या उठावात मुसद्दिक यांचे सरकार गेले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला.

शाहच्या काळात तेल पुन्हा वाहू लागले आणि करांची फिकीर संपली. सरकारला प्रजेकडून मागायचे नसले की प्रजेला हिशेबही द्यावा लागत नाही. १९७० साली हुसेन महदवी या इराणी अर्थतज्ज्ञाने आपल्या देशाकडे बघूनच ‘भाडेखाऊ राज्य’ अशा अर्थाची संकल्पना मांडली आणि आज जगभरच्या विद्यापीठांत ती शिकवली जाते. जमिनीखालच्या तेलाचे भाडे खाणारे राज्य. शाहने १९५८ मध्ये पहलवी फाउंडेशन काढले. नाव धर्मादाय, म्हणून करातून सूट. हॉटेले, कारखाने, बँकांतले हिस्से असा त्याचा पसारा. राजघराण्याच्या मर्जीतला उद्योग आणि धर्मादाय संस्था यांतली रेष पुसण्याचे काम तिथे झाले. क्रांतीने ही रेष पुन्हा आखायला हवी होती.

तसे झाले नाही. १९७९ मध्ये खोमेनी यांच्या हुकमाने पहलवी घराण्याची आणि त्यांच्या जवळच्यांची मालमत्ता नव्या संस्थेकडे गेली : बुनियाद-ए-मुस्तझअफान, म्हणजे पिचलेल्यांची, दुबळ्यांची संस्था. मुस्तझअफीन हा कुरआनातला शब्द आहे, त्या हुकमामागची भावना खोटी होती असे मला वाटत नाही. शाहच्या लुटीतून गरिबांना घरे मिळावीत, युद्धात अपंग झालेल्यांना आधार मिळावा, हा विचार होता आणि काही प्रमाणात ते झालेही. पण बुनियादकडे शेकडो कंपन्या आल्या. खाण, बांधकाम, जहाजवाहतूक, अन्नपदार्थ. जो झमझम कोला २००२ च्या सुमारास अरब देशांत अमेरिकन पेयांना पर्याय म्हणून प्यायला गेला, तो याच बुनियादचा. मूळचा पेप्सीचाच कारखाना, हे तेव्हा कुणी फारसे सांगितले नाही.

बुनियादच्या बरोबरीने मशहदची आस्तान-ए-कुद्स रझवी ही संस्था आहे. इमाम रझा यांच्या दर्ग्याचा हा वक्फ, शतकानुशतके श्रद्धाळूंनी दिलेल्या जमिनींवर उभा. वक्फाला कर नसावा हे आपल्याला नैसर्गिक वाटते आणि ते योग्यही आहे : यात्रेकरूंच्या लंगरवर, दवाखान्यावर, मदरशावर सरकारने कर का घ्यावा? पण हा वक्फ जेव्हा कारखाने, औषध कंपन्या आणि बांधकाम कंपन्या चालवतो आणि शेजारचा खासगी कारखानदार त्याच बाजारात तोच माल विकतो, तेव्हा एकाला कर आणि दुसऱ्याला माफी हा धर्मादायाचा प्रश्न राहत नाही. सूट दर्ग्याला होती, ती दर्ग्याच्या नावाखाली कारखान्याला लागू झाली. १९८९ मध्ये खोमेनी यांच्या शेवटच्या हुकमांपैकी एकातून जन्मलेल्या ‘सिताद’ या संस्थेचेही तसेच. २०१३ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने सहा महिने शोध घेऊन तिची मालमत्ता सुमारे ९५ अब्ज डॉलर असावी असा अंदाज मांडला. इराण सरकारने तो फेटाळला. आकडा कमीजास्त धरला तरी एवढी मोठी संस्था करखात्याच्या कक्षेबाहेर असणे, ही गोष्ट बदलत नाही.

चौथा खेळाडू पासदारान, म्हणजे क्रांतिरक्षक दल. इराकबरोबरचे आठ वर्षांचे युद्ध संपल्यावर दलाच्या अभियंत्यांना पुनर्बांधणीची कामे द्यावीत, या कल्पनेतून खातम-अल-अंबिया ही बांधकाम संस्था वाढली. धरणे, रस्ते, बोगदे, पुढे तेल आणि गॅस. सप्टेंबर २००९ मध्ये सरकारी दूरसंचार कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा विकायला निघाला, तेव्हा खासगी स्पर्धक ऐन वेळी ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ अपात्र ठरला आणि हिस्सा पासदारानशी संबंधित गटाकडे गेला. कागदावर ते खासगीकरण होते.

इब्न खल्दूनची आठवण इथे येणे अपरिहार्य आहे. १३७७ साली मुकद्दिमा लिहिताना त्याने एक अख्खे प्रकरण या विषयाला दिले की, सुलतानाने स्वतः व्यापारात पडू नये. त्याचा मुद्दा नैतिक कमी आणि हिशेबी जास्त आहे. सुलतान बाजारात उतरला की माल पडेल भावाने उचलतो, त्याच्याशी स्पर्धा करायची हिंमत कुणाची? व्यापारी थकतात, भांडवल आखडते घेतात, काही धंदाच सोडतात. त्यांच्याकडून जो महसूल यायचा तो आटतो. सुलतानाला व्यापारात जो नफा होतो, तो या बुडालेल्या महसुलाच्या मानाने क्षुल्लक असतो. ज्याने ट्युनिसपासून कैरोपर्यंत किती तरी दरबार आतून पाहिले, त्याने लिहिलेले हे आहे. तेहरानच्या अर्थमंत्र्याच्या टेबलावर हे प्रकरण रोज उघडे असायला हवे होते.

आता निर्बंधांकडे. मार्च २०१२ मध्ये इराणच्या बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून तोडल्या गेल्या, १ जुलैपासून युरोपची तेलबंदी लागू झाली. तेलाची निर्यात दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. रियालची किंमत कोसळली. औषधे निर्बंधांतून वगळली आहेत असे वॉशिंग्टन सांगत होते, पण पैसे पाठवायला बँकच नसेल तर औषध येणार कसे? कर्करोगाच्या आणि हिमोफिलियाच्या रुग्णांची परवड झाली. हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हणावा लागेल. पुढे जे लिहितो आहे ते या वाक्याला पुसण्यासाठी नाही.

तेल आटले की सरकारला कराची आठवण होते. इराणमध्ये कंपन्यांवरचा कर २५ टक्के आहे, मूल्यवर्धित कर २००८ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने ९ टक्क्यांवर गेला. त्याच्या पहिल्याच वर्षी इस्फहानच्या सराफांनी दुकाने बंद केली, तेहरानचा मोठा बाजारही बंद पडला आणि अहमदीनेजाद यांना अंमलबजावणी तात्पुरती थांबवावी लागली. जुलै २०१० मध्ये बाजारावरचा आयकर ७० टक्क्यांनी वाढवायचा बेत निघाला. पुन्हा बंद, पुन्हा माघार. तडजोड १५ टक्क्यांवर झाली. ज्या बाजाराने १९७९ ची क्रांती पैशाने तोलून धरली, त्याला सरकार ओरबाडू शकत नव्हते. पण ज्या कंपन्यांची खाती शेअर बाजारात उघडी आहेत, ज्यांचे लेखापरीक्षण होते, ज्यांचे कामगार पगारपत्रकावर आहेत, त्या कुठे पळणार? करखात्याचा हात तिथे सहज पोचतो.

अशा कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समजा तिला जर्मनीतून यंत्राचा सुटा भाग हवा आहे. पूर्वी बँकेतून पतपत्र काढले की काम झाले. आता बँक नाही. मग दुबईतला सराफ, तिथेच नोंदवलेली दुसऱ्याच नावाची कंपनी, तिसऱ्या देशाचे बिल, आणि वाटेतल्या प्रत्येकाचे कमिशन. हा खर्च खरा आहे, पण त्याची पावती कुणी देत नाही. द्यायचीच नसते, कारण पावती म्हणजे अमेरिकेच्या हाती पुरावा. वर्षअखेरीला करअधिकारी विचारतो : या खर्चाचे कागद कुठे? कागद नाहीत, तर खर्च अमान्य. जो नफा झालाच नाही त्यावर कर. प्रामाणिकपणे भरू पाहणाऱ्याला ही शिक्षा.

दुसऱ्या एखाद्याला मात्र यात संधी दिसते. अमेरिकेपासून लपवायला जे दोन हिशेब, जी बनावट नावे, ज्या परदेशी कंपन्या उभ्या केल्या, त्याच करअधिकाऱ्यापासून लपवायलाही कामी येतात. मालाची किंमत दुबईत वाढवा, नफा तिथेच ठेवा, तेहरानच्या खात्यात तोटा दाखवा. अधिकाऱ्याने जास्त चौकशी केली तर उत्तर तयार असते : हे राष्ट्रहिताचे गुपित आहे, निर्बंध चुकवण्याचे काम आहे, तुम्ही कुणासाठी काम करता? निर्बंधांनी केलेले खरे नुकसान मला इथे दिसते. गुपित ठेवणे हे देशभक्तीचे काम ठरले आणि हिशेब मागणे संशयास्पद. पासदारानशी किंवा एखाद्या बुनियादशी नाते असेल तर हे उत्तर आणखी वजनदार होते. नसेल, तर असे उत्तर देण्याची छातीच होत नाही.

करखात्याच्या पद्धतीनेही यात भर घातली. इराणच्या कायद्यात बराच काळ ‘अली-उर-रास’ नावाची रीत होती. खाती समाधानकारक नसतील तर अधिकारी आपल्या अंदाजाने उत्पन्न ठरवायचा. आपल्याकडच्या नजरपाहणीसारखे, फक्त पीक उभे नसून कंपनीच्या गोदामात. अंदाज आला की घासाघीस आली, घासाघीस आली की ओळख आली. २०१५ च्या दुरुस्तीने ही रीत काढली. पण दंडाचे गणित राहिलेच. प्रत्यक्ष कर कायद्याच्या १९० व्या कलमाप्रमाणे थकबाकीवर दरमहा अडीच टक्के दंड, म्हणजे वर्षाला ३० टक्के. ऐकायला जबर वाटते. २०१८ नंतर महागाई मात्र वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे १०० तोमान कर वर्षभर थकवून दंडासह १३० भरले, तरी त्या १३० ची किंमत गेल्या वर्षीच्या ९३ तोमानांइतकीच. वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो! वर १९१ वे कलम आहे, ज्यात दंड माफ करण्याचा अधिकार खात्याकडे आहे. माफी कुणाला मिळते हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा.

हा प्रकार इराणच्या सीमेवर थांबला नाही. त्याची एक कड आपल्या आयकर कायद्यातही सापडते. २०१२ मध्ये भारताला इराणी तेलाचे डॉलरमध्ये पैसे देणे अवघड झाले, तेव्हा ४५ टक्के रक्कम रुपयांत युको बँकेतल्या खात्यात जमा करण्याची व्यवस्था ठरली. त्या रुपयांतून इराण बासमती, चहा, औषधे घेणार. पण परदेशी कंपनीला भारतात मिळालेल्या पैशावर कर कापायचा असतो, आणि तो दर तेव्हा ४० टक्क्यांच्या घरात होता. इराणची राष्ट्रीय तेल कंपनी हे मान्य करणे शक्य नव्हते. मग २०१२ च्या वित्त कायद्याने कलम १० मध्ये ४८ वे पोटकलम घातले : केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या करारानुसार कच्च्या तेलाच्या विक्रीतून परदेशी कंपनीला भारतात रुपयांत मिळालेले उत्पन्न करमुक्त. त्यात इराणचे नाव कुठेही नाही. भारताने आपले हित बघितले आणि उघड कायदा करून बघितले, यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. पण निर्बंध एका देशावर लागले की त्याच्याशी व्यापार करणाऱ्या देशालाही करात खिडकी उघडावी लागते, हे त्यातून कळते. आपल्याकडची खिडकी राजपत्रात छापलेली होती. तेहरानमधल्या खिडक्यांची नोंद कुठेच नव्हती.

त्या खिडक्यांमधून सर्वांत मोठा झालेला माणूस बाबक झंजानी. अहमदीनेजाद यांच्या शेवटच्या वर्षांत निर्बंध चुकवून तेल विकण्याचे काम त्याच्या हाती गेले. मलेशिया, तुर्कस्तान, ताजिकिस्तान असे त्याचे जाळे. तो स्वतःला आर्थिक आघाडीवरचा शिपाई म्हणवून घेत असे. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला अटक झाली. तेलखात्याचे दोन अब्ज डॉलरहून अधिक त्याच्याकडे अडकले होते. मार्च २०१६ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष रूहानी यांनीच तेव्हा जाहीरपणे विचारले की, याला एवढे मोठे करणारे अधिकारी कोण होते? राष्ट्राध्यक्षाला हा प्रश्न लोकांसमोर विचारावा लागतो, यातच उत्तराचा बराच भाग आला.

रूहानी यांच्या काळात काही प्रयत्न प्रामाणिकपणे झाले, ही नोंद करायला हवी. डिसेंबर २०१४ मध्ये मजलिसने बड्या धार्मिक संस्था आणि सैन्याशी संबंधित उद्योग यांच्यावर कर लावण्याच्या बाजूने मत दिले. जुलै २०१५ मध्ये अणुकरार झाला, जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध सैल झाले. परदेशी कंपन्यांशी करार करायचे तर खाती स्वच्छ हवीत, मालक कोण हे सांगायला हवे, म्हणून पारदर्शकतेची मागणी करणाऱ्यांचा आवाज देशातच वाढत होता. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी तो करार मोडला. अमेरिकेत बसून ज्यांना पासदारानला दुबळे करायचे होते, त्यांनी पासदारानच्या घरातल्या विरोधकांच्या पायाखालची सतरंजी ओढली.

पुढचा महिना जास्त बोलका आहे. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने डॉलरचा दर ४२,००० रियाल असा बांधून टाकला होता. बाजारात तो त्याहून बराच महाग. स्वस्त डॉलर ज्याला मिळेल त्याची चांदी. जूनमध्ये दूरसंचारमंत्र्यांनी मोबाइल आयात करणाऱ्या कंपन्यांची यादीच प्रसिद्ध केली. काहींनी सरकारी दराने डॉलर घेतले आणि फोन खुल्या बाजाराच्या भावाने विकले होते. असा नफा कुठल्या विवरणपत्रात दाखवतात? हा बांधील दर अखेर २०२२ मध्ये मोडीत निघाला. तोपर्यंत चार वर्षे गेली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये रूहानी यांनी पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प ‘निर्बंधांना तोंड देणारा’ म्हणून मांडला. तेलावर कमी आणि करावर जास्त भिस्त. त्याच हिवाळ्यात डॉक्टरांना आणि वकिलांना दवाखान्यात, कचेरीत कार्डयंत्र बसवण्याची सक्ती झाली, म्हणजे फी रोखीने घेऊन लपवता येऊ नये. डॉक्टरांनी कुरकूर केली. एका अर्थी हे योग्यच पाऊल होते, जो कमावतो त्याने भरावे. दुकानांच्या गल्ल्यांना करखात्याशी जोडणारा कायदाही ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. दाताच्या डॉक्टरची प्रत्येक पावती आता सरकारला दिसणार होती. खातम-अल-अंबियाच्या उपठेकेदारांची साखळी, मशहदच्या वक्फाच्या कंपन्यांची आपसातली खरेदी-विक्री, सितादच्या जमिनींचे व्यवहार, यांच्यापुढे तसले यंत्र कुणी ठेवले नाही.

आपल्या वाचकांतल्या काहींना हे वाचून वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. फिलस्तीनच्या बाजूने ठामपणे बोलणारा देश म्हणून इराणबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे. पण जिव्हाळा इराणच्या माणसांबद्दल असेल, तर इस्फहानचा सराफ, तब्रीझचा कारखानदार, मशहदची परिचारिका यांच्या खिशाकडेही बघावे लागेल. त्यांनी निर्बंध दोनदा भोगले. एकदा महागाईत आणि औषधांच्या टंचाईत, दुसऱ्यांदा बड्यांनी न भरलेल्या कराचा वाटा उचलताना. आणि ज्यांना निर्बंध हे हुकूमशहांना वठणीवर आणणारे सभ्य हत्यार वाटते, त्यांनी शुआ-उस-सल्तनतच्या वाड्यासमोर उभ्या असलेल्या कोसॅकांची आठवण ठेवावी.

२०२४ च्या वसंतात, नौरोझपासून सुरू होणाऱ्या नव्या इराणी वर्षात, मूल्यवर्धित कर ९ टक्क्यांवरून १० टक्के झाला. बहुतेक खरेदीवर तो लागतो. त्याच वसंतात, एप्रिलच्या अखेरीस, न्यायखात्याने जाहीर केले की बाबक झंजानीने परदेशातली मालमत्ता परत आणायला सहकार्य केल्यामुळे त्याची फाशी रद्द करून वीस वर्षांच्या कैदेत बदलली आहे. त्यातली दहाहून अधिक वर्षे तो भोगून चुकला होता.